भिंतीवरची वाटी

प्रविणने आज गाडी फाटकाच्या आत घेतली. एवढंच झालं. एरवी ती बाहेर कडुनिंबाखाली उभी असते, कारण संध्याकाळी त्याला गणिताचा क्लास घ्यायला पुन्हा निघायचं असतं आणि फाटक उघडायचा कंटाळा असतो. आज भरदुपारी गाडी आत आली, फाटकाची कडी लागली, आणि मी स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता थांबले. मग चपला जोडून ठेवल्याचा आवाज आला. प्रविण रागात असला की फार नीटनेटका होतो. ज्या दिवशी तो चपला कुठेही भिरकावतो त्या दिवशी आमच्या घरात सुख असतं. आम्ही चहा पितो, तो शाळेतल्या मास्तरांच्या नकला करतो, मी पोट धरून हसते. ज्या दिवशी चपला जोडून ठेवतो त्या दिवशी मला स्वतःला सांभाळावं लागतं. बाकीच्या बायका नवऱ्याचा स्वभाव पत्रिकेत बघतात, मी चपलांत बघते. लग्नानंतर मी शिकलेली विद्या ती एवढीच.

तो स्वयंपाकघराच्या दारात आला आणि म्हणाला, "मोबाइल दे." मी दिला. "शाळेत पुन्हा लागून राहिली म्हणे तू. मले बाहेरच्या लोकांनी सांगावं?" आवाज अगदी खालचा, क्लासमधल्या ढ पोराला समजावून सांगताना असतो तसा. मी म्हणाले, मी आधी शिकवायचे त्या बालवाडीच्या बाईंनी नुसतं विचारलं होतं, मी अजून काही कबूल केलं नाही. तो म्हणाला, "बोलू ना आपण. मी आंघोळ करून घेतो. तू कोठं जाऊ नको." जणू मी कुठे जाणारच होते. पुढच्या दाराला त्याने आतून कुलूप घातलं आणि किल्ली टॉवेलात गुंडाळून न्हाणीत नेली. भांडणाआधी आंघोळ करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पाणी अंगावर पडल्याचा आवाज सुरू झाला, आणि मला कळलं की जे काही करायचं ते एवढ्या वेळात.

करायचं काय ते ठरलेलं होतं. ओट्याखालची पंचफुलाबाईंची स्टीलची वाटी घ्यायची, धुवून कोरडी करायची आणि मागच्या अंगणातल्या भिंतीवर रिकामी ठेवायची. पंचफुलाबाई म्हणजे भिंतीपलीकडच्या शेजारीण. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, विधवा, मुलगा अश्वजित पुण्यात नोकरीला. घरात त्या एकट्या आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवर घरमालकाने काचेचे तुकडे लावून ठेवलेत, चोर येऊ नये म्हणून; आमच्या वस्तीत चोर येऊन नेणार काय ते त्यालाच ठाऊक. पण एका जागी बाईंनी वरवंट्याने त्या काचा फोडून हातभर जागा साफ केली आहे. तिथून वाट्या येतात-जातात. कधी वांग्याची भाजी, कधी लाखोळीच्या डाळीचे वडे, वैशाखी पौर्णिमेला खीर. आमच्याकडून दिवाळीचे अनरसे. ती भिंत ओलांडता येत नाही, पण तिच्यावर वाटी ठेवता येते. ओरडावं तर न्हाणी अंगणाला लागूनच आहे.

मी वाटी ठेवून आत आले. हात पुसले. आणि पदर हातात असतानाच अंगावर काटा आला, कारण माझ्या बोटांना साखर चिकटली होती.

मी वाटीत साखर घातली होती. मूठभर. कधी घातली ते आठवतही नव्हतं. डबा उघडलेला, झाकण बाजूला पडलेलं. पुन्हा अंगणात धावावं म्हणून वळले तर पाण्याचा आवाज थांबला आणि न्हाणीची कडी वाजली. मला हसू आलं, खरंच आलं, रडू यायच्या आधी. ज्या बाईला आयुष्यात एकदाच कुणाची वाटी रिकामी पाठवायची होती, तिला तेवढंही जमू नये. हा दोष माझ्या आईचा. आसगावला आमच्या घरी शेजारणीचं भांडं रिकामं परत जात नसे. घरात काहीच नसलं तर दोन हिरव्या मिरच्या तरी, नाहीतर चिमूटभर साखर. एकदा मी लहानपणी कुणाची तरी वाटी घासूनपुसून तशीच देऊन आले तर आईने मला बांधाबांधाने परत पाठवलं होतं. धानाच्या रोवण्याचे दिवस होते, पायाखाली चिखल, फ्रॉकच्या ओच्यात पावशेर वाल. "रिकामं भांडं देणं म्हंजे माणसाले रिकाम्या हातानं धाडणं," ती म्हणायची. तीच आई, मी पहिल्यांदा फोनवर रडले तेव्हा म्हणाली, "पुरुषाची जात हाय, राग येते. जरा सोसून घे." सोसायला तिने शिकवलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याहून पक्कं तिने वाटीचं शिकवलं होतं, आणि आज ते आडवं आलं.

मागच्या होळीनंतर ही वाटीची गोष्ट ठरली. त्या दिवशी प्रविणने मला याच स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून माझा गळा धरला होता. का, ते आता आठवलं तरी सांगण्यासारखं नाही. भाजीत मीठ, नाहीतर माहेरचा फोन, कारणं नेहमी एवढुशीच असतात. मग तो माझ्याहून जास्त रडला. संध्याकाळी समोसे घेऊन आला, आणि मी खाल्ले, ते चांगले होते. हे लोकांना कसं सांगावं? मला ताप आला तर हाच माणूस रात्रभर माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवतो. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. पोरांचे आईबाप त्याच्या पाया पडतात. दुसऱ्या दिवशी अंगणात कपडे वाळत घालताना बाईंनी पलीकडून माझ्या मानेकडे बघितलं आणि विचारलं, "कायनं लागलं वं?"

"दार लागलं," मी म्हणाले.

"दाराले बोटं असतेत का?"

मी आत येऊन खूप वेळ नुसती बसले, कारण इतक्या दिवसांत कुणी तरी माझ्याकडे नीट बघितलं होतं. त्यानंतर प्रत्येक वाटीबरोबर भिंतीवरून एकेक गोष्ट येऊ लागली. वांग्याची भाजी आली तेव्हा म्हणाल्या, "भांडण लागलं का रांधणखोलीत थांबू नोको. सुरी, गॅस, कढलेलं तेल, सारं हाताशी असते. मधल्या खोलीत ये, दाराजवळ." वड्यांबरोबर सांगितलं, तुझं आधारकार्ड, मार्कशीट, पासबुक, दागिना काय असेल तो एका पिशवीत घालून माझ्याकडे दे. मी दिलं, ती पिशवी त्यांच्या तांदळाच्या कोठीत आहे. महिलांचा मदतीचा नंबर, एकशे एक्याऐंशी, तो पाढ्यासारखा माझ्याकडून म्हणवून घेतला, आणि पोलिसांचा एकशे बारा. मी म्हणत राहिले, बाई, तो इतका वाईट नाही हो. त्यावर त्या म्हणाल्या, "मी कोठं वाईट म्हणलं? मारका बैल बी वाईट नसते. पण कोणी त्याच्यासमोर लेकरू सोडते का?" आणि मग एक दिवस वाटीचं सांगितलं: मोबाइल हातातून गेला, आवाज देता आला नाही, तर रिकामी वाटी ठेवजो, मी समजून जाईन. "तुम्ही घरी नसल्या तर?" मी विचारलं. "मले कोठं जायचं हाय?"

माझ्या सासूबाई रुखमाबाई गावाहून येतात तेव्हा ही वाटी त्यांना बघवत नाही. त्या ती आमच्या भांड्यांत ठेवत नाहीत, अंगणातल्या दगडावर पालथी घालतात, आणि मी मुकाट्याने उचलून आत आणते. बोलून कुणी काही दाखवत नाही. आमच्याकडे अशा गोष्टी बोलल्या जात नाहीत, केल्या जातात. बाईंना ते ठाऊक होतं. "तुह्या सासूनं माही वाटी बाहीर ठेवली का?" त्या हसत विचारायच्या. "ठेवू दे. बाहीर असली तं भिंतीच्या जवळ पडते." मला लाज वाटायची आणि त्यांच्या हसण्याने ती जराशी कमी व्हायची.

त्यांची एक खोड मात्र मला वैताग आणायची. काहीतरी मागायला उठसूट दारात यायच्या. लवंग आहे का. सेफ्टीपिन आहे का. आज कोणता वार. रिमोटचे सेल गेले, तुमच्याकडचे दे. आल्या की पाच मिनिटं उंबऱ्यात उभ्या राहायच्या, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघायच्या आणि लवंग विसरून परत जायच्या. प्रविण म्हणायचा, म्हातारीचे नट ढिले झाले. मीही हसायची. एकटं माणूस, साठीनंतर असंच व्हायचं, असं मला वाटायचं. पण आज साखर बघून त्या काय समजणार? रीताने वाटी परत केली. चांगलं वळण आहे पोरीला.

प्रविण बाहेर आला. केस पुसलेले, कपाळावर पाण्याचे थेंब, अंगाला चंदनाच्या साबणाचा वास. हा वास मला एके काळी आवडायचा; लग्न ठरल्यावर वैनगंगेच्या पुलावर आम्ही उभे होतो तेव्हा वाऱ्याबरोबर हाच वास येत होता आणि मी मनात म्हटलं होतं, बरं झालं, स्वच्छ माणूस मिळाला. मी स्वयंपाकघर सोडून मधल्या खोलीत आले, दाराजवळ. दाराला कुलूप होतं, पण बाईंनी सांगितलं होतं तसं करताना मला जरा धीर वाटला. तो खुर्चीवर बसला नाही. "तुले माझ्या पैशात काय कमी पडते?" त्याने विचारलं. काहीच नाही, मी म्हणाले. "मंग लोकायची लेकरं सांभाळायले कायले जायचं?" खरं उत्तर असं होतं की बालवाडीतली पोरं सकाळी माझ्या नावाने ओरडत यायची आणि मला ते आवडायचं. ते मी बोलले नाही. उत्तर दिलं तर उलट बोलली, नाही दिलं तर माज आला. हे गणित त्याच्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. त्याने माझं मनगट धरलं. मग पिळलं. तोंडाने तो अजूनही हळूच बोलत होता, आणि मला सगळ्यात भीती त्या हळू आवाजाची वाटली. आज हा थांबणार नाही हे मला त्याच्या हातातून कळत होतं.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या.

"रीता! अवं रीता! दार उघड वं! मले चक्कर येऊन राहिली!"

मनगट सुटलं. प्रविणने केसांवरून हात फिरवला आणि बाहेरच्यासाठी ठेवलेला चेहरा चढवला. "बाई का? रीता झोपली हो जराशी."

"झोपू दे बाप्पा. मी इथंच बसून राहीन पायरीवर. उठली का सांगजो." आणि खरोखर धप्पकन बसल्याचा आवाज आला. मग निवृत्त शिक्षिकेचा तो आवाज, चौथीच्या वर्गातून पटांगणापर्यंत जाणारा, साऱ्या गल्लीला ऐकू गेला: "अवं राखी, जरासंक पाणी आण वं! पडली-मेली तं साऱ्यायच्याच डोक्याले ताप होईल!" राखी म्हणजे समोरच्या मारोतरावांची सून. तिच्या पैंजणांचा आवाज आला, मागोमाग आणखी कुणाची तरी चप्पल. प्रविणने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. किल्ली आणली. दार उघडताना तो इतका काळजीत दिसत होता की मलाच खरं वाटलं असतं.

"काय झालं बाई? चला, मी नेतो दवाखान्यात गाडीवर."

"गाडीवरून मी पडन."

"मंग ऑटो बोलावतो. मी येतो ना संग."

"तू कायले?" बाईंनी डोक्याला हात लावला होता, पण डोळे माझ्या मनगटावर होते. "बायकायचं दुखणं हाय. पोरगीच पायजे."

राखीने तोंड दुसरीकडे वळवलं. प्रविणच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आमच्याकडच्या पुरुषांना हे तीन शब्द ऐकवले की ते भिंत बघतात. मी अनवाणी उभी होते. "चप्पल घाल," बाई म्हणाल्या, आणि मी घातली. प्रविण माझ्या कानाशी म्हणाला, "लवकर ये." मी मान हलवली. चार वर्षांची सवय, मान आपोआप हलते. राखीने ऑटो थांबवला. बाई माझ्या खांद्यावर रेलून, कण्हत, फाटकातली गाडी ओलांडून बाहेर आल्या.

ऑटो वळला तशा त्या सरळ बसल्या. पदर नीट केला. मांडीवरच्या पिशवीवर हात होता. ती माझीच पिशवी होती, तिला तांदळाचं पांढरं लागलेलं. "जनरल हॉस्पिटलात घे," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं आणि माझ्याकडे वळल्या.

"साखर काहून टाकली वं?"

"हातानं टाकली. मला कळलंच नाही." मग मला राहवलं नाही. "पण मग तुम्ही आल्या कशा? वाटी तर भरलेली होती."

"तुह्या हातून रिकामी वाटी जाणार हाय का कधी?" बाई म्हणाल्या. "तुले सांगितलं ना, तवाच तुहं तोंड असं झालं, का मी तुले चोरी करायले लावून राहिली. मी समजून गेली, हे पोरीच्यानं होत नाही. तवापासून माह्या मनात मी पक्कं केलं. वाटी आली का जायचं. रिकामी असो, भरली असो. एक चक्कर मारून यायचं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. लवंग. सेफ्टीपिन. आज कोणता वार. अनरशांची वाटी ठेवली त्या संध्याकाळी रिमोटचे सेल. सासूबाईंच्या देखत एकदा त्या मेथीचे दाणे मागायला आल्या होत्या आणि सासूबाईंनी त्यांना उंबऱ्यातच उभं ठेवलं होतं. तरी त्या आल्या होत्या, कारण दुपारी मी वाटी ठेवली होती. होळीपासून आजपर्यंत मी भिंतीवर ठेवलेल्या प्रत्येक वाटीमागे ही बाई माझं तोंड बघून गेली होती, मी जिवंत आहे ना, धड आहे ना एवढं, आणि आम्ही नवराबायको तिच्या डोक्याला हसलो होतो. मला रडू फुटलं. भर बाजारातून ऑटो जात होता आणि मी पिशवीत तोंड घालून रडत होते.

"मी समजायची तुमचं डोकं..."

"चळलं? समज ना मंग. मले काय त्याचं?" त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "लवंगा तं माह्या घरी डबाभर हाय."

दवाखान्याच्या आवारात महिलांसाठीचं सखी केंद्र आहे हे मला ठाऊक होतं, बाईंनीच एकदा सांगितलेलं. मला वाटलं होतं, तिथे पोलीस चौकीसारखं काही असेल. एक साधी खोली होती, पंखा, दोन पलंग, पाण्याचा माठ, दारात गणवेशातली एक बाई. आतल्या प्रतिक्षाताई माझ्याहून लहान असतील. त्यांनी मला आधी बसवलं, मग विचारलं. मी मध्येच थांबले तर त्याही थांबल्या. मनगट डॉक्टरांना दाखवू, म्हणजे नोंद राहील, म्हणाल्या. तक्रार करायची की नाही ते मी ठरवायचं. त्याने जवळ येऊ नये असा कोर्टाचा आदेश मिळतो, त्यासाठी संरक्षण अधिकारी मदत करतात, वकील फुकट मिळतो. मी ऐकत होते आणि मला काहीच सुचत नव्हतं. त्या म्हणाल्या, "ताई, आज सगळं ठरवायची गरज नाही. आज फक्त झोपायचं कुठे तेवढं ठरवू." इतकं सोपं करून मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

त्याच वेळी बाई खुर्चीवरून एका बाजूला कलल्या. मला वाटलं, नाटक अजून चालूच आहे. मी म्हणालेही, "बाई, आता पुरे." पण त्यांचा हात गार पडला होता. नर्स आली, पट्टा बांधला, आणि म्हणाली, बीपी खूप वाढलंय, आडवं करा यांना. त्या पायरीवर बसून ओरडताना ही बाई भीतीने आतून थरथरत होती, आणि मला वाटत होतं की तिला कशाचीच भीती वाटत नाही. आम्ही दोघींनी त्यांना पलंगावर निजवलं. गोळी दिली. मी त्यांचे पाय चोळत बसले. तळव्यांना भेगा होत्या, मी इतक्या जवळून कधी बघितल्या नव्हत्या. आईच्या पायांना आहेत तशाच.

माझ्याच पिशवीत बाईंनी ठेवलेला त्यांचा फोन वाजला. प्रविणभाऊ, असं नाव उमटलं. प्रतिक्षाताई म्हणाल्या, "उचलायलाच पाहिजे असं काही नाही." मी उचलला.

"कशा हायेत बाई?" आवाज काळजीचा, गोड.

"बीपी वाढलंय. निजवलं आहे."

"अरे बाप रे. अश्वजितले कळवलं का? मी सांगतो त्याले. तू ये मंग. मी चहा मांडतो. झालं गेलं जाऊ दे रीता, मी काही बोलणार नाही तुले."

तो चहा मांडेल हे मला ठाऊक होतं. आलं घालून, जास्त दुधाचा, मला आवडतो तसा. माझे डोळे भरून आले आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे हेही मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. सांगायला कारण तयार होतं, आणि ते खोटंही नव्हतं: बाईंजवळ कुणी नाही, आज रात्री मला थांबावं लागेल. एवढं म्हटलं असतं तर तो हो म्हणाला असता, उद्या न्यायला आला असता, आणि मी गेले असते.

"बाईंमुळे नाही," मी म्हणाले. "मी येत नाही."

"म्हंजे?"

"मी येत नाही, प्रविण."

मी फोन बंद करून पिशवीत ठेवला. हात पुन्हा बाईंच्या पायांवर ठेवले. बाईंनी डोळे मिटलेलेच होते.

"बोलली?"

"बोलली."

"मंग पाणी दे मले आता," त्या म्हणाल्या. "केव्हाचा जीव सुकून राहिला, पण तू फोनवर होती."